तिसरी गिटार

१४ जून २०२३, बुधवार

आजची तालीम रद्द. कॅनडातल्या वणव्यांचा धूर मिनिआपोलिसवर उतरलाय आणि हवेच्या नकाशावर आमचं शहर जांभळं झालंय. जांभळं म्हणजे घराबाहेर पडू नका. सकाळी दार उघडलं, तर मिरजेबाहेरच्या शिवारात उसाचा पाला पेटवल्यावर येतो तसा वास. दुपारचा सूर्य तांबडा, उघड्या डोळ्यांनी बघता येईल इतका मवाळ. संचालकांचा निरोप आला : घरी बसा, आपापला भाग मेट्रोनोमवर घोटा.

कार्यक्रम ९ जुलैला, लेक हॅरिएटच्या काठावरच्या बँडशेलमध्ये, म्हणजे उघड्यावर. बारा अभिजात गिटारी, चार भाग, प्रत्येक भागाला तिघं. नायलॉनच्या तारा, बोटांनी छेडायच्या, विजेचा संबंध नाही. मी तिसऱ्या गिटारीत. पहिलीकडे सुरावट असते, दुसरी तिला उत्तर देते, चौथीकडे खर्ज. तिसरीनं मधली जागा धरायची. आमचा स्वर गळला तर नेमकं काय गेलं ते कोणाला सांगता येत नाही. सगळं जरा पोकळ वाटायला लागतं, एवढंच. एका तुकड्यात मला सलग कित्येक आवर्तनं एकच स्वर आहे. तोही मेट्रोनोमवर घोटला. एकच स्वर सारख्या वजनानं वाजवत राहणं हे तानेपेक्षा अवघड आहे, असं माझं मत झालंय. ताना मला येत नाहीत, हेही त्यामागचं कारण असू शकेल.

१८ जून, रविवार

चर्चच्या तळघरात तालीम. धूर ओसरला, आता नुसता उकाडा. पाऊस महिनाभर रुसलाय, हिरवळी पिवळ्या पडल्यात.

कार्यक्रमात काय घ्यायचं यावर आज शेवटचा वाद झाला. सुरुवातीला प्रेटोरियसची नृत्यं, याबद्दल दुमत नव्हतं. १६१२ सालचा ‘टर्पसिकोरे’ हा त्याचा संग्रह म्हणजे तीनशेहून अधिक फ्रेंच नाचांचं भांडार, आणि कुठलंही वाद्य दिलं तरी त्यातलं काही ना काही जमतंच. मग पीटर वॉरलॉकची ‘कॅप्रिओल’. हीदेखील नाचांचीच, १५८९ च्या एका फ्रेंच नृत्यपुस्तकातले सूर घेऊन त्यानं १९२६ मध्ये बांधलेली. त्यानंतर लोकांना ओळखीचं काही हवं म्हणून पाखेलबेलचा कॅनन. इथे चौथ्या गिटारीतल्या आजोबांनी कपाळाला हात लावला. कॅननमध्ये खर्जाला आठ स्वर असतात आणि ते अठ्ठावीस वेळा वाजवायचे असतात. अधेमधे विसावा नाही, बदल नाही. आजोबा टपाल खात्यातून निवृत्त झालेत. म्हणाले, इतकी वर्षं रोज त्याच रस्त्यानं टपाल वाटलं, तेव्हाही निदान घरं तरी वेगळी असायची.

खरा वाद शेवटच्या रचनेवर. लिओ ब्राउअरची ‘पायसाहे कुबानो कॉन युव्हिया’ : क्यूबातला देखावा, पावसासह. १९८४ ची, चार गिटारींसाठी लिहिलेली. आम्ही ती बारा जणांत वाटून घेतो. तिच्यात गुणगुणण्याजोगी चाल नाही. सुटे सुटे स्वर पडतात, हळूहळू दाट होतात, मग वादळ, मग पुन्हा विरळ. वादळाच्या जागी ताल सुटतो : दिलेले तुकडे ज्यानं त्यानं आपल्या गतीनं उलटसुलट वाजवायचे आणि तार चिमटीत धरून, वर उचलून पट्टीवर फटकन सोडायची. गारा. दोघातिघांचं म्हणणं, बागेत आइस्क्रीम खात बसलेल्या लोकांपुढे हे नको, ते उठून जातील. मलाही आतून तसंच वाटत होतं. संचालक हट्टाला पेटले आणि रचना राहिली.

२२ जून, गुरुवार

नखांबद्दल लिहायचं राहून जातं. अभिजात गिटारीला उजव्या हाताची नखं वाढवावी लागतात, डाव्या हाताची मुळापर्यंत कापावी लागतात. तारेला आधी बोटाचं मांस लागतं, मग नख. त्या दोहोंच्या मधल्या क्षणात आवाजाचा पोत ठरतो. नखाला बारीक खाच असली तरी स्वराला खरखर येते. म्हणून आम्ही सगळे पाकिटात पॉलिश-कागदाचा तुकडा बाळगतो आणि बसथांब्यावरसुद्धा नखं घासत बसतो.

बाकीच्या अकरा जणांना न पडणारा प्रश्न मला पडतो, तो जेवणाचा. मी उजव्या हातानं आमटीभात कालवून खाते. हळदीनं नखं कायमची पिवळी. संचालकांनी सुरुवातीला एकदा हळूच विचारलं होतं की मी सिगारेट ओढते का. नारळ खवायला विळीवर बसणं कार्यक्रमाच्या आधी बंद. हे काम सध्या आमच्या ह्यांच्याकडे आहे आणि खोबऱ्याबरोबर करवंटीही थोडी आमटीत येते.

पहिल्या गिटारीतल्या एका बाईंचं अनामिकेचं नख काल गाडीच्या दारात तुटलं. त्यांनी पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून नखाच्या आकाराचा केला आणि डिंकानं खालून चिकटवला. यात नवल काही नाही, गिटारवादकांचा जुना तोडगा आहे हा. चेंडूची गोलाई नखाच्या गोलाईशी बरोबर जुळते. फक्त आवाज किंचित काचेसारखा येतो, म्हणून त्यांना दुसऱ्या ओळीत हलवलं.

२५ जून, रविवार

जागा बघून आले. बँडशेल तळ्याच्या वायव्य काठावर, निळ्या छपराचं, मनोऱ्यांचं. ते १९८६ चं. त्याआधीचा या जागेचा इतिहास ऐकून थोडी धास्तीच वाटली. पहिला मंडप १८८८ चा, तो १८९१ मध्ये जळाला. दुसरा १९०३ मध्ये जळाला. तिसरा १९२५ च्या वादळात पडला. तरी या लोकांनी दर वेळी इथेच नवा बांधला. माणसांना पाण्याकाठी संगीत ऐकायची एवढी ओढ का असावी? कारण पाण्याकाठी ते धड ऐकूच येत नाही.

आज दुसऱ्याच कोणाचा कार्यक्रम होता, पितळी वाद्यांचा. ट्रम्पेटला उघड्यावर काहीच अडचण नाही. मी शेवटच्या बाकांवर बसून आमच्या गिटारींचं काय होईल याचा अंदाज घेत होते. बंद सभागृहात भिंती आवाज परत देतात. इथे परत देणारं काही नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, चौपट झालं की बारानं. मुळात गिटार घरगुती आवाजाचं वाद्य. तोर्रेस या गिटार घडवणाऱ्या कारागिरानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिचं पोट मोठं केलं, तबलीच्या आतल्या पट्ट्या पंख्यासारख्या मांडल्या, तेव्हा कुठे ती दिवाणखान्यातून सभागृहापर्यंत आली. बागेपर्यंत तोर्रेसनंही आणलेली नाही.

आणि डोक्यावरून विमानं. विमानतळ आग्नेयेला जवळच आहे. वारा फिरला की उतरणारी विमानं तळ्यावरून येतात. शिवाय मागच्या बाजूला जुन्या ट्रामची हौशी फेरी चालते, तिची घंटा. तळ्यात नांगरलेल्या शिडांच्या होड्या आहेत. वाऱ्यावर त्यांच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटून किणकिण चालते, अखंड. पितळी वाद्यांत ती ऐकू आली नाही. मध्यंतरात मात्र तेवढीच ऐकू येत होती.

२ जुलै, रविवार

आज मुद्दाम उघड्यावर तालीम, एकीच्या परसात. फार उपयोगी पडली, कारण फार वाईट झाली.

आम्ही अर्धवर्तुळात बसतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहाएक मीटर. आवाजाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा साधारण तिसावा-पस्तिसावा भाग लागतो. ऐकायला काहीच नाही. पण समोरच्या टोकाचं ऐकून मी वाजवलं की मी तेवढी मागे पडते, माझं ऐकून वाजवणारा आणखी मागे. व्हायोलिनला हे खपून जातं, गज हळूच सुरू होतो. गिटारीचा स्वर जन्मतःच टोकदार. बारा जणांचे बारा क्षण वेगळे पडले की आवाज सांडल्यासारखा होतो. चर्चच्या तळघरात भिंती आम्हाला जुळवून घेत होत्या, हे आज कळलं. संचालक म्हणाले, कान थोडे बंद करा आणि माझ्या हाताकडे बघा. मिरजेत लहानपणी पेटी शिकताना मास्तर नेमकं उलट सांगायचे : डोळे मिट आणि ऐक.

मग ध्वनिक्षेपकाचा विषय निघालाच. दोघं शुद्धतावादी : माइकमधून आला की नायलॉनच्या तारेचा आवाज तिचा राहत नाही. खरं आहे. पण पंधराव्या ओळीतल्या माणसाला काहीच ऐकू आलं नाही, तर कोणत्या शुद्धतेचं काय करायचं? ही शुद्धता श्रोत्याच्या खर्चानं पाळली जाते असं मला वाटतं, आणि मी ते बोलून दाखवलं. तडजोड झाली : प्रत्येकाला वेगळा माइक नाही, समोर थोड्या अंतरावर दोनच, वाऱ्यासाठी फोमच्या टोप्या घातलेले.

एक सूचना सगळ्यांनी लिहून घेतली. डासांचं औषध फवारून गिटारीला हात लावायचा नाही. त्यातलं डीट नावाचं रसायन प्लास्टिक विरघळवतं आणि वाद्याचं पॉलिशही चाटून काढतं. एकाची गिटार लाखेच्या पॉलिशची आहे, तो घामालासुद्धा घाबरतो. लाख आमच्या झारखंडाकडची असणार, मी म्हटलं. माझ्या गिटारीची पाठ आणि कडा भारतीय शिसवीच्या आहेत, घडवलेली स्पेनमध्ये. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आली, तेव्हापासून जगभरच्या गिटारींची पाठ आमच्या दक्षिणेकडच्या जंगलांनी धरलीय. तेव्हा डास चावले तर चावू देत.

४ जुलै, मंगळवार

फटाके. रात्री अकरापर्यंत रियाझ अशक्य.

५ जुलै, बुधवार

तारा बदलल्या. नायलॉनच्या नव्या तारा तीन-चार दिवस ताणत राहतात, सूर धरत नाहीत, म्हणून हे आदल्या दिवशी करून चालत नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या आतड्याच्या असायच्या. युद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जायला लागलं, तारा मिळेनात, आणि त्या ओढाताणीत न्यूयॉर्कच्या ऑगस्टीननं नायलॉनची तार करून गिटारवादक सेगोव्हियाच्या हाती दिली. त्याला ती पसंत पडली आणि प्रश्न मिटला.

संध्याकाळी म्हणजे तिकडच्या पहाटे मिरजेहून धाकट्या भावाचा फोन.

“अक्का, साथीला कोण?”

“साथ नाही रे. आम्हीच बारा जण.”

“म्हणजे सगळेच साथीला?”

याला काय उत्तर द्यायचं? तो दर उरुसात दर्ग्यातल्या चिंचेखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी सभा ऐकत आलेला माणूस. त्याच्या लेखी गाणारा एक, बाकीचे त्याच्यासाठी. माइकचा वाद सांगितला तर हसला. “उघड्यावर? अगं, चिंचेखाली माइकशिवाय तंबोरा पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही. तंबोरा मिरजेचा असला तरी.” मग त्यानं विचारलं की गिटारीला जवारी काढतात का. नाही काढत, उलट तारेची घोडीवर किंचित झणझण झाली तर ती खोट समजतात आणि हाड घासून ती घालवतात. सतारमेकर गल्लीत कारागीर तासन् तास बसून जी झणझण आणतो, ती इथला कारागीर तेवढाच वेळ बसून काढतो. भावाला हे पटलं नाही. “मग वाजतं काय?” म्हणाला.

८ जुलै, शनिवार

रंगीत तालीम. कॅनन बरा. ‘कॅप्रिओल’मधला पावान ढिला. कपड्यांचे चिमटे आणले, नोटेशनची पानं वाऱ्यावर उडू नयेत म्हणून; माणशी चार. ह्यांनी दोरीवरचे काढून दिले आणि आता धुतलेले कपडे खुर्च्यांवर आहेत.

९ जुलै, रविवार, रात्री

साडेपाचचा कार्यक्रम. आम्ही वायव्येला तोंड करून, त्यामुळे जुलैचं कलतं ऊन डावीकडून. गिटारीची मान डावीकडेच असते. कडेच्या तिघांच्या खुंट्या आणि मान उन्हात, बाकीच्यांच्या सावलीत. तारा मिळवून पाच मिनिटं होतात न होतात तोच त्या तिघांचा सूर वेगळा. संचालकांनी दोन नाचांच्या मध्ये थांबून त्यांना पुन्हा मिळवायला लावलं, आणि श्रोत्यांना वाटलं हीसुद्धा रचनाच. कोणीतरी टाळी दिली.

श्रोते बरेच होते. बाकं भरलेली, मागच्या हिरवळीवर चादरी. पुढे चारपाच लहान मुलं. प्रेटोरियस सुरू झाला आणि त्यातली दोन उठून नाचायला लागली. चारशे वर्षांनंतर त्या नाचांवर खरोखर कोणीतरी नाचत होतं. त्यांच्या पायांकडे बघून आमची लय सुधारली, असं मला वाटतं. संचालकांच्या हातापेक्षा ती मुलं जास्त उपयोगी.

‘कॅप्रिओल’मधला पावान मात्र हातचा गेला. संथ रचना, स्वरांमध्ये मोकळी जागा, आणि त्या जागेत होड्यांची किणकिण. तिची लय आमच्यापेक्षा जरा जलद. एकदा कानात शिरली की निघेना. वर विमान आलं. ते डोक्यावरून जाईपर्यंत वीसेक सेकंद आमचा आवाज आम्हालाही नाही. मी फक्त संचालकांचा हात बघत वाजवत होते. तिसऱ्या गिटारीचे मधले स्वर माइकपर्यंत गेले की नाही देव जाणे. विमान गेलं तेव्हा आम्ही सगळे एकाच जागी होतो, पण पावानात जीव नव्हता. नखाला चेंडू लावलेल्या बाईंचा स्वर तेवढा सगळ्यांच्या वर, काचेसारखा.

‘कॅप्रिओल’मधलंच ‘पिएज-आं-लेर’ बरं गेलं. त्याच्या शेवटच्या ओळींत तिसऱ्या गिटारीला थोडी वाट मिळते, ती मी घेतली. कॅननला लोक खूश. आजोबांनी अठ्ठावीस फेऱ्या तोंडावरची सुरकुती न हलवता पूर्ण केल्या.

मग ब्राउअर. संचालकांनी दोनच वाक्यं सांगितली : हा पाऊस आहे, क्यूबातला, आपल्याला हवा आहे तो अजून आलेला नाही. या उन्हाळ्यात तेवढं पुरेसं होतं. हशा पिकला, मग माणसं गप्प झाली.

पहिले सुटे स्वर. आमच्यापैकी एक, मग पलीकडून दुसरा. त्यांच्या मधल्या जागेत पुन्हा तीच किणकिण, पावान जिनं नासवला तीच. पण इथे ती खुपली नाही. सुट्या स्वरांत आणखी काही सुटे स्वर, इतकंच. ट्रामची घंटा वाजली, तीही गेली आत. एक कुत्रा भुंकला. पुढचं मूल आईला मोठ्यानं म्हणालं, पाऊस कुठाय? यातलं काहीही रचनेच्या आड आलं नाही. वादळाच्या जागी ताल सुटला आणि बाराही जण आपापल्या तुकड्यांवर तुटून पडलो, तारा पट्टीवर फटाफट आपटत. त्या गदारोळात वरून दुसरं विमान आलं. मी ते पाहिलं, ऐकलं नाही.

उघड्यावर चालणार नाही असं आम्ही ज्या रचनेबद्दल धरून चाललो होतो, ती एकटीच उघड्यावर चालली. कारण साधं असावं. नाचांना, पावानाला भोवती भिंती लागतात. त्यांची बांधणी आवाज कोणीतरी परत देईल या भरवशावर केलेली. ब्राउअरनं तो भरवसा धरलेलाच नाही. त्याच्या पावसात बाहेरचे आवाज मावतात. लोकांना चाल लागते, असं आम्ही म्हणत होतो. चालीची गरज आम्हालाच होती, धरून बसायला. मुलांना तर ती सर्वांत कमी लागली : रचनेचा पाऊस विरळ होत गेला तेव्हा ती तोंड वर करून बघत होती.

टाळ्या, वाकणं, चिमटे गोळा करणं. डासांनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फोडून काढलंय. गिटार गाडीत ठेवून चहा प्यायला जाऊया, असं एकजण म्हणाला; बाकीचे सगळे एकदम ओरडले. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या वाद्याचा सरस मऊ होतो, घोडी सुटून येते. म्हणून बारा जण बारा पेट्या घेऊन एकाच टपरीच्या रांगेत. माइकविरोधी दोघांपैकी एकजण पुढे उभा होता. त्याची बायको शेवटच्या बाकावर बसली होती. तिनं सांगितलं, सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, तेच तर दुःख आहे.

११ जुलै, मंगळवार

भावाला ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. उत्तर : “पावसाचं आवडलं. मधे विमान कोणी वाजवलं?”

दुपारी इथल्या मराठी मंडळातून फोन. रविवारी त्यांच्यातले दोघं तळ्यावर सहज फिरायला आले होते, त्यांनी आम्हाला ऐकलं. सप्टेंबरात गणपतीला वाजवाल का? हॉल आहे, भिंती आहेत, माइक आहेत. मी विचारलं, आमच्या आधी काय आहे? ढोल-ताशा पथक, चाळीस ढोल. आणि नंतर? नंतर महाप्रसाद. मी कळवलंय की क्रम उलटा होत असेल तर बाकीच्या अकरा जणांना विचारते, आणि जेवण आधी असेल तर मला हात धुवायला दहा मिनिटं लागतील. ते समितीत ठेवतो म्हणाले.